कुलूप, किल्ली आणि अमानत



घराला कुलूप लावून आपण बाहेर पडता, दोन पावले गेल्यावर परत फिरता, कुलूप एकदा ओढून पाहता आणि मग निश्चिंत मनाने चालू लागता. ही निश्चिंतता आपल्याला नेमके कोण देते? हातातला तो पितळेचा तुकडा, की आणखी काही? हा प्रश्न मला ग्रंथ वाचताना पडलेला नाही. कागलमधील एका वृद्ध कारागिराने तो माझ्यापुढे आणून ठेवला आणि त्याचे उत्तर शोधताना मला माझ्याच मिंबरवरील अनेक वर्षांच्या भाषणांचा हिशेब द्यावा लागला.

हे गृहस्थ शिकलगार. हत्यारांना धार लावणे, कुलपे दुरुस्त करणे आणि किल्ल्या बनवणे हा त्यांचा वाडवडिलांपासूनचा व्यवसाय. गैबी चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाजारात त्यांची बैठक असते. समोर लाकडी पेटी, तिच्यात कानशी, छोटी हातोडी, तारेचे आकडे आणि कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे. एके दिवशी असरच्या नमाजनंतर ते मशिदीच्या ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले आणि खाली पाहतच म्हणाले, “मौलाना, माझी मजुरी हलाल आहे की हराम, एवढे सांगा.”

हकिकत अशी होती. एक तरुण त्यांना घरी घेऊन गेला. आईच्या लोखंडी कपाटाची किल्ली हरवली आहे, कपाट उघडून द्या आणि नवी किल्लीही करून द्या, असे त्याने सांगितले. चाचांनी कपाट उघडले, किल्ली घासून दिली, मजुरी घेतली आणि ते निघून आले. काही आठवड्यांनंतर त्या तरुणाच्या दोन्ही बहिणी त्यांच्या बैठकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. आईचे निधन होऊन त्या वेळी जेमतेम दहा दिवस झाले होते. किल्ली हरवलेली नव्हतीच, ती थोरल्या बहिणीजवळ होती. तिघे एकत्र बसतील तेव्हाच कपाट उघडायचे, असे आईनेच तिला सांगून ठेवले होते. आता कपाटात आईच्या साड्या होत्या, दागिने नव्हते. थोरल्या बहिणीने चाचांना एकही कठोर शब्द उच्चारला नाही. पदरातली जुनी किल्ली दाखवून ती इतकेच म्हणाली, “चाचा, हिचा आता काय उपयोग?”

मी तत्काळ उत्तर दिले, “चाचा, आपल्याला ठाऊक नव्हते. आपल्यावर गुनाह नाही. मजुरी हलाल आहे.” फिक्हच्या दृष्टीने हे उत्तर चुकीचे नव्हते. परंतु चाचांच्या चेहऱ्यावर समाधान उमटले नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनाचे समाधान झाले नाही. बरोबर उत्तर देऊनही प्रश्न जागच्या जागी राहतो, तेव्हा आपण प्रश्नच अपुरा ऐकलेला असतो.

प्रथम कुलूप म्हणजे काय, याचा विचार करू. कुलूप चोराला अडवते अशी आपली समजूत असते. इतिहास निराळे सांगतो. लंडनमधील ब्रामा यांच्या कारखान्याने आपले एक कुलूप दुकानाच्या खिडकीत ठेवले होते. जो ते उघडून दाखवील त्याला २०० गिनी देण्यात येतील, असे आव्हान त्यासोबत होते. अनेक दशके ते कोणालाही उघडता आले नाही. पुढे १८५१ साली लंडनमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा अमेरिकेतून आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या कारागिराने प्रथम चब यांचे प्रसिद्ध कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले आणि नंतर सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून ब्रामा यांचेही कुलूप उघडले. ज्या कुलपांवर अवघ्या इंग्लंडची भिस्त होती, ती उघडली गेली. याचा अर्थ असा की कुलूप वेळ मिळवून देते, त्यापलीकडची हमी ते देऊ शकत नाही. कोणी आणि किती वेळात, एवढाच फरक असतो.

मग आपली घरे सुरक्षित कशी राहतात? आपल्या गावात प्रत्येक कपाट उघडू शकणारी माणसे आहेत. त्यांचे हात ते जाणतात, डोळे ते जाणतात. तरीही ती माणसे रात्री आपापल्या घरी झोपतात. कुलूप आपल्या दारावर असते, पण त्या कुलपाची खरी ताकद ते उघडू शकणाऱ्या आणि न उघडणाऱ्या माणसाच्या अंतःकरणात असते. यालाच आपल्या दीनच्या भाषेत अमानत म्हणतात.

आपल्या मुंबईतील एक उदाहरण येथे आठवते. अर्देशीर गोदरेज या पारशी गृहस्थाने १८९७ साली लालबागमध्ये कुलपांचा कारखाना सुरू केला. त्यापूर्वी ते वकील होते. एका खटल्यासाठी त्यांना आफ्रिकेतील झांजिबार येथे पाठवण्यात आले होते. अशिलाच्या सोयीसाठी सत्याला मुरड घालणे त्यांच्या मनाला पटेना, म्हणून त्यांनी वकिलीच सोडून दिली. शब्द वाकवण्यास ज्याने नकार दिला, त्याच्या नावाच्या कुलपांवर पुढे सारा देश विसंबला. या कारागिरीला लागणारे पहिले साहित्य कोणते, हे त्या घटनेतून उमगते.

आपल्या इतिहासातही असा एक कारागीर होऊन गेला. आजच्या तुर्कमेनिस्तानातील मर्व शहरात अबू बक्र अब्दुल्लाह बिन अहमद नावाचे कुलूप बनवणारे होते. अरबीत कुलपाला ‘कुफ्ल’ म्हणतात, म्हणून ते ‘कफ्फाल’ या नावाने ओळखले गेले. केवळ चार दाण्यांच्या वजनाचे कुलूप त्यांनी किल्लीसह तयार केले होते, असे चरित्रकार नमूद करतात. वयाच्या तिशीत त्यांनी कानस खाली ठेवली आणि इल्मची वाट धरली. पुढे ते शाफई फिक्हचे इतके मोठे इमाम झाले की त्यांचे शिष्य अबू मुहम्मद जुवैनी, त्यांचे पुत्र इमामुल हरमैन आणि त्यांचे शिष्य इमाम गझाली, अशी ज्ञानाची साखळी त्यांच्यापासून चालत आली. हिजरी ४१७ मध्ये त्यांचा इंतेकाल झाला. कोकणातील आपले शाफई बांधव आजही ज्या फिक्हवर चालतात, तिच्या परंपरेत हा कुलूपवाला उभा आहे. हाताने काम करणाऱ्याला कमी लेखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता जगातील सर्वांत थोर किल्लीकडे वळू. हिजरी ८ मधील रमजानमध्ये मक्का जिंकली गेली. काबागृहाची किल्ली उस्मान बिन तल्हा यांच्याकडे होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती मागवून घेतली, काबागृहात प्रवेश केला आणि बाहेर आल्यावर किल्ली त्यांच्या हातात होती. त्या वेळी घरच्याच माणसांनी, काही रिवायतींनुसार हजरत अली (रजि.) यांनी आणि काहींनुसार हजरत अब्बास (रजि.) यांनी, ही सेवा आपल्या घराण्याकडे यावी अशी इच्छा व्यक्त केली. विजेत्याला कोण अडवणार होते? परंतु प्रेषितांनी (स.) उस्मान बिन तल्हा यांनाच बोलावले आणि किल्ली त्यांच्या हाती परत दिली. अमानती ज्यांच्या त्यांना पोचत्या करा, हा सूरह निसाच्या ५८ व्या आयतीतील आदेश भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात. आजतागायत ती किल्ली त्याच घराण्यात आहे. जून २०२४ मध्ये त्या घराण्यातील ज्येष्ठ किल्लीधारक डॉ. सालेह शैबी यांचा इंतेकाल झाला, तेव्हाही ती घराण्यातील दुसऱ्या ज्येष्ठाकडे गेली. राजवटी आल्या आणि गेल्या, किल्लीचे घर बदलले नाही.

या उस्मान यांची आणखी एक हकिकत आहे. हिजरतच्या काळात, ते इस्लामच्या बाहेर असताना, हजरत उम्मे सलमा (रजि.) लहान मुलाला घेऊन एकट्याच मदीनेकडे निघाल्या होत्या. तनईमपाशी त्यांची उस्मान यांच्याशी गाठ पडली. एकट्या स्त्रीला ते सोडून गेले नाहीत. उंटाची दोरी धरून ते पुढे चालत. मुक्कामाच्या जागी उंट बसवून स्वतः दूर जात, त्या उतरल्या की उंट नेऊन झाडाला बांधत आणि दुसऱ्या झाडाखाली पडून राहत. कुबा दिसू लागताच, आपले पती या वस्तीत आहेत, असे सांगून ते आल्या पावली मक्केला परतले. वाळवंटात कुलूप नव्हते, साक्षीदार नव्हता. ज्याच्या हाती दार नसतानाही अदब होती, त्याच्याच हाती पुढे सर्वांत पवित्र दाराची किल्ली राहिली. आपण हेही विसरू नये की मक्केचे लोक प्रेषितांशी (स.) वैर करीत असताना आपल्या मौल्यवान वस्तू त्यांच्याचकडे ठेवीत आणि त्या परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे थांबवण्यात आले होते.

येथे कोणी विचारील, मग कुलपे लावूच नयेत काय? असे मुळीच नाही. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्याला ठाऊक आहे. शरीअतनेही कुलपाला मान दिला आहे. चोरीची निर्धारित शिक्षा लागू होण्यासाठी माल सुरक्षित जागेत ठेवलेला असला पाहिजे, अशी अट फिक्हमध्ये आहे. या सुरक्षित जागेला ‘हिर्ज’ म्हणतात. परंतु याच प्रकरणात हनफी फकीहांनी सांगितलेली एक बाब मला चाचांच्या प्रश्नानंतर नव्याने उमगली. जवळच्या रक्ताच्या नात्यातील माणसाने घरातून काही उचलले, तर ती निर्धारित शिक्षा लागू होत नाही. कारण अशा नातलगाला त्या घरात मुक्त प्रवेश असतो, त्याच्यासाठी ते घर पूर्ण अर्थाने ‘हिर्ज’ राहतच नाही. सूरह नूरच्या ६१ व्या आयतीतही ज्या घरांत संकोच न करता जेवता येते त्यांत आई-वडील, भाऊ, बहिणी यांची घरे सांगितली आहेत आणि ज्या घराच्या किल्ल्या आपल्या हाती सोपवलेल्या आहेत, त्यांचाही उल्लेख त्याच ओळीने आला आहे. नाते आणि किल्ली तेथे शेजारी शेजारी आहेत.

वाचकहो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. नात्यातील चोरी लहान असते म्हणून शिक्षा टळते, असे नाही. हक्क तेथेही हक्कच असतो आणि घेतलेली वस्तू परत करणे बंधनकारकच असते. पण परक्यापासून कुलूप वाचवते, कायदा वाचवतो. आपल्या माणसापासून काय वाचवणार? कुलपाचे राज्य जेथे संपते, तेथून नात्याचे सुरू होते. तेथे पहारा फक्त अल्लाहच्या भयाचा असतो. म्हणूनच घरातील दगा परक्याच्या चोरीपेक्षा अधिक खोल जखम करतो. त्या बहिणीच्या पदरातील किल्ली बिनकामाची झाली, कारण भावाने कपाटाच्या आधी आपल्या मनातील दार फोडले होते.

आता त्या कपाटाचा हिशेब मांडू. आईने डोळे मिटले त्या क्षणी कपाटातील माल सर्व वारसांचा झाला. दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत असल्यास एकतृतीयांशाच्या मर्यादेतील वसीयत वजा जाता जे उरेल, त्याची वाटणी अल्लाहने ठरवून दिली आहे. वडील आधीच वारले होते. मागे एक मुलगा आणि दोन मुली. समजा, दागिने ८ तोळ्यांचे असतील, तर मुलाचे ४ तोळे आणि प्रत्येक मुलीचे २ तोळे. म्हणजे तो तरुण निम्म्याचा मालक होताच. त्याने पूर्ण कपाट उघडले आणि बहिणींचे निम्मे स्वतःच्या निम्म्यात मिसळले. वारसा थोडा असो वा पुष्कळ, त्यात स्त्रियांचाही निश्चित वाटा आहे, हे सूरह निसाच्या ७ व्या आयतीत स्पष्ट केले आहे. ‘थोडा’ हा शब्द तेथे आहे, यावर आपण थांबून विचार करावा. चार बांगड्यांसाठी काय भांडायचे, असे म्हणण्याची सवलतच त्या शब्दाने काढून घेतली आहे.

आपल्याकडे हे कपाट बहुधा तारेच्या आकड्याने उघडले जात नाही. ते गोड शब्दांनी उघडले जाते. “बहिणीचे लग्न थाटात केले, तोच तिचा वाटा.” “हिस्सा मागितलास तर माहेर तुटेल.” “सगळ्यांच्याच बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, तूही कर.” या भागातील कित्येक घरांत भाऊ नमाजी असतो, हाजी असतो, आणि बहिणीची सही घेताना त्याचा हात थरथरत नाही. बहिणीने आपला वाटा समजून घेऊन, ताब्यात घेऊन, खुशीने भावाला दिला तर ती तिची मर्जी आहे. पण माहेरचे दार बंद होईल या भीतीने केलेली सही ही खुशी नव्हे. ती साबणावर घेतलेल्या किल्लीच्या ठशासारखी असते. दिसायला हुबेहूब, पण मूळ मालकाच्या संमतीवाचून घेतलेली.

आणि चाचा? त्यांच्या प्रश्नाचे काय? पाप आणि अत्याचारात एकमेकांना साहाय्य करू नका, हा सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीतील आदेश आहे. साहाय्याची सीमा कोठे सुरू होते, यावर आपल्या इमामांनी बारकाईने विचार केला आहे. द्राक्षांचा रस मद्य करणाऱ्याला विकावा काय? इमाम अबू हनीफा (रह.) यांनी व्यवहार वैध मानला, कारण पाप पुढच्या माणसाच्या वेगळ्या कृतीने घडते. इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांनी तो नापसंत केला. परंतु फितन्याच्या काळात फितना माजवणाऱ्यांना शस्त्र विकू नये, हे हनफी ग्रंथांनी स्पष्ट सांगितले आहे, कारण तेथे वस्तू हातात पडताच पापाचे साधन बनते. दुसऱ्याच्या कपाटाची किल्ली माझ्या मते रसापेक्षा शस्त्राच्या अधिक जवळ आहे. ज्याला ठाऊक आहे की समोरचा माणूस परक्याचे कपाट उघडत आहे, त्याने ती घासणे म्हणजे त्या कृत्यात हात घालणे होय. ज्याला ठाऊक नाही, तो निर्दोष. चाचा निर्दोष होते.

परंतु न जाणण्याचेही दोन प्रकार असतात. एक, जे जाणण्याचा मार्गच नव्हता. दुसरा, जे एका प्रश्नाने जाणता आले असते, पण गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून तो प्रश्न ओठांवर आला नाही. “बेटा, हे कपाट कोणाचे? त्या कोठे आहेत?” एवढे विचारण्याची किंमत कदाचित ती मजुरीच असती. मी न केल्यास तो दुसऱ्याकडे जाईल, ही सबब खरी असेलही, पण दुसऱ्याचा हिशेब दुसऱ्याकडे मागितला जाईल. कुलूपवाल्यासाठी मी जे म्हणतो तेच दस्त लिहिणाऱ्यासाठी, त्यावर साक्षीची सही करणाऱ्या शेजाऱ्यासाठी, वाटणीला बसणाऱ्या पंचांसाठी आणि हे सारे पाहून गप्प बसणाऱ्या इमामासाठीही आहे.

होय, इमामासाठीही. त्या रात्री मी माझ्या जुमाच्या भाषणांच्या वह्या काढून पाहिल्या. नमाज, रोजा, व्याज, मद्य, पडदा यांवर मी कित्येकदा बोललो होतो. बहिणींच्या वाट्यावर किती वेळा बोललो, हे मोजण्यास एका हाताची बोटे पुरली. मिंबरसमोर भाऊ बसतात, बहिणी घरी असतात, हे त्याचे कारण आहे असे मला वाटते आणि ते कबूल करताना लाज वाटते. चाचांनी एक प्रश्न विचारला नाही, मी कित्येक वर्षे विचारला नाही. पुढच्या जुम्याला मी त्याच विषयावर बोललो. नमाजनंतर दोघे-तिघे मला न भेटताच निघून गेले. एकाने मात्र थांबून, कोणी ऐकत नाही हे पाहून, वाटणीची रीत कागदावर लिहून मागितली.

चाचांनी काय केले, तेही सांगतो. ते स्वतः त्या तरुणाच्या घरी गेले, घेतलेली मजुरी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “ही माझ्यावर हलाल आहे, असे मौलानांनी सांगितले आहे. तरीही ती माझ्या घशाखाली उतरत नाही. तू तुझे बघ.” तो रागावला. त्याने बहिणींना वाटा दिला की नाही, हे मी लिहीत नाही, कारण ही कथा त्याच्या तौबाची नसून आपल्या सर्वांच्या प्रश्नाची आहे. आता चाचांच्या पेटीवर एक नियम आहे. कपाटाची किल्ली मालकासमक्षच होईल. काही गिऱ्हाइके परत जातात.

कुरआनने सूरह मुहम्मदच्या २४ व्या आयतीत अंतःकरणांवरील कुलपांचा उल्लेख केला आहे, जी कुरआनावर चिंतन करू देत नाहीत. तेथे ‘कुफ्ल’चेच अनेकवचन वापरले आहे. वारशाच्या आयती आपण तिलावतमध्ये वाचतो, सवाबही मिळवतो, आणि कपाटाशी येताच त्या आयती आठवत नाहीत. यापेक्षा वेगळे कुलूप ते कोणते? ‘शिकलगार’ या शब्दाच्या मुळाशी अरबीतील ‘सैकल’, म्हणजे गंज काढून लखलखीत करणे, हा अर्थ आहे. अंतःकरणालाही गंज चढतो आणि अल्लाहच्या स्मरणाने तो उतरतो. पण स्मरण जिभेवर थांबून चालत नाही, ते हातापर्यंत पोचावे लागते.

इब्ने माजा यांच्या संग्रहातील एका हदीसचा आशय असा आहे की काही माणसे भलाईच्या किल्ल्या आणि बुराईची कुलपे असतात, तर काही नेमकी उलट असतात. वाचक बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर आपल्या कपाटाकडे एकदा पाहा. त्यात आपले काय आहे आणि दुसऱ्या कोणाचे काय राहून गेले आहे, हे स्वतःला विचारा. एखाद्या बहिणीचा, आत्याचा, वहिनीचा वाटा वर्षानुवर्षे तेथे पडून असेल, तर तिच्या पदरात अजून एक जुनी किल्ली आहे हे ध्यानात घ्या. कपाट तिच्यासमोर उघडा. आपल्या हयातीत ते आपल्या हाताने उघडले जावे, यातच आपले कल्याण आहे.

अल्लाह आपणा सर्वांना अमानती ज्यांच्या त्यांना पोचवण्याची तौफीक देवो. आमीन.